निळ्या टोकाची केबल

अनंतकाका टेंब्यांनी बुक्का लावून घेतला नाही.

आठल्ये घराण्याच्या कीर्तनात एक रीत होती. कीर्तन संपलं, की आरतीच्या आधी बुवा स्वतः साथीदारांच्या कपाळाला बुक्का लावायचे आणि त्यांना मिठीत घ्यायचे. तालीम करताना शब्दाने शब्द वाढलेला असो, तबला चढा लागलेला असो, मनात काही राहिलं असेल तर ते त्या मिठीत संपायचं. केतकी बुक्क्याचा अंगठा घेऊन पेटीपाशी वाकली. काकांनी भाता मिटला, खटका लावला, उठले, आणि भरल्या देवळातून चपला शोधायला निघून गेले. केतकीचा काळा अंगठा तसाच हवेत राहिला.

मिरजेच्या त्या दत्तमंदिरात असं कधी घडलं नव्हतं. नीळकंठबुवा आठल्यांना जाऊन तीन वर्षं होत आली होती, आणि त्यांची मुलगी केतकी, व्यवसायाने दातांची डॉक्टर, नाशिकचा दवाखाना इकडे हलवून वडिलांच्या जागी उभी राहत होती. लोकांना तिचं कौतुक होतं. हुबेहूब बुवा, असं म्हणायचे. आणि ज्यांनी बुवांना तीस वर्षं पेटीची साथ केली, त्या काकांनीच आज तिला चारचौघांत असं टाकलं. आरतीचं तबक तिने त्याच काळ्या अंगठ्याने धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट पुढे ढकलून ती काकांच्या दारात उभी राहिली. काका आकाशवाणीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बोलायला फटकळ, पण तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेले. त्यांनी तिला चहा विचारला नाही.

"चौथ्या चरणावरून गाडी नेलीस तू," ते म्हणाले. "सरळ. ब्रेकसुद्धा न लावता. लाज वाटली मला तिथे बसायची."

केतकीला वाटलं, चाल चुकली असेल, सूर उतरला असेल. तसं काही नव्हतं. शबरीच्या आख्यानात बुवांनी स्वतः रचलेलं एक पद होतं. चार चरणांचं. रामापुढे बोरं धरताना शबरीला आठवतं, की ही आपण दाताने चाखलेली आहेत, आणि ती हात मागे घेते. तो चौथा चरण. काकांचं म्हणणं, तो म्हणण्याआधी थांबायचं असतं. केतकीचं म्हणणं, बाबा तिथे थांबत नाहीत. तिने ते पद बाबांच्या रेकॉर्डिंगवरून उचललं होतं, श्वासासकट. कुठे चिपळ्या खाली येतात, कुठे उपरणं सावरतात, हेसुद्धा. कीर्तन शिकायला येणाऱ्या सहा मुलींना ते तसंच शिकवत होती.

"मग चला आणि डोळ्यांनी बघा," ती म्हणाली. "नाहीतर सगळ्यांसमोर माझी माफी मागा."

काकांनी काठी उचलली.

आता हे रेकॉर्डिंग ती कशावर बघत होती, ते सांगायला हवं. बुवांचा एक जुना डेस्कटॉप होता. आपलं प्रत्येक कीर्तन ते त्यात साठवून ठेवायचे. त्याचा मॉनिटर गेल्या दसऱ्याच्या आधी बंद पडला. पुण्याहून धाकट्या भावाने, हृषीकेशने, भिंतीएवढा नवा स्क्रीन पाठवून दिला आणि फोनवर सांगितलं, की केबल तेवढी तिथेच चांगली बघून घे. केतकी दुकानात गेली. दुकानदाराने काउंटरवर दोन केबली ठेवल्या. दोन्हींची तोंडं सारखीच, चपटी. एक साधी, काळी. दुसरी 'सुरेख' नावाची, दोन्ही टोकांना अंगठ्याएवढे फुगीर गट्टू असलेली. साधी लावली तर एवढ्या मोठ्या पडद्यावर जुनं चित्र दाणेदार दिसेल, तो म्हणाला. सुरेख लावा, वडील समोर उभे राहतील. केतकीने हृषीला विचारलं, हृषी म्हणाला सुरेखच घे, आणि तिने ती घेतली.

सुरेखचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. पडदे एवढे मोठे आणि एवढे बारीक ठिपक्यांचे झाले होते, की तेवढे ठिपके तारेतून वाहून नेणं परवडेना. मग कुणीतरी युक्ती काढली. ठिपके पाठवायचेच नाहीत. कॉम्प्युटरच्या बाजूचा गट्टू चित्राची फक्त रेघ काढतो: इथे माणूस, इथे हात, इथे पांढरी मिशी, अमुक सुरात गातोय. ती रेघ तारेतून जाते. पडद्याच्या बाजूचा गट्टू, ज्याने लाखो माणसांची तोंडं आणि आवाज आधीच पाहून-ऐकून ठेवले आहेत, तो त्या रेघेत रंग भरतो. आवाज याच तारेतून जातो, त्याचंही तेच. आणि जितकं जास्त तुम्ही त्याच्यावर बघाल, तितका तो गट्टू तुमच्या घरची माणसं जास्त ओळखू लागतो, पुढे काय येणार ते त्याला आधीच कळतं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. भिंतीला भिंत, झाडाला झाड. कुणाचं काय बिघडतं?

केतकीचं तर बिघडलं नव्हतंच. पहिल्या दिवशी पडद्यावर बाबा उभे राहिले, तेव्हा ती जमिनीवर बसून रडली होती. खंडेनवमीला दवाखान्यातल्या हत्यारांबरोबर तिने त्या केबलच्या दोन्ही गट्टूंना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तिला ती बाबांची कृपाच वाटली होती. रोज सकाळी ती पडद्यासमोर उभी राहून बाबांबरोबर गायची, मग स्वतःचं रेकॉर्डिंग करून त्याच पडद्यावर ताडून बघायची, कुठे कमी पडते म्हणून.

काकांना खुर्ची देऊन तिने शबरीचं आख्यान लावलं. ते बुवांनी याच दत्तमंदिरात केलं होतं, पेटीवर काकाच होते. पडद्यावर नीळकंठबुवा आले. पद सुरू झालं. पहिला, दुसरा, तिसरा चरण. आणि चौथा. बुवा तो मोकळ्या, भरदार आवाजात गाऊन मोकळे झाले. थांबले नाहीत.

केतकीने विजयी नजरेने काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हा नीळकंठ नव्हे," ते म्हणाले.

मग मात्र केतकीचा तोल गेला. काकांचं वय झालं, आठवण दगा देतेय, बाबांच्या जागी बाई उभी राहिलेली त्यांना मुळातच खुपतेय, असं ती बरंच काही बोलली. बोलू नये तेही बोलली. काका ऐकून घेत होते. ती दमल्यावर त्यांनी काठीचं टोक पडद्याकडे केलं.

"तू दातांची डॉक्टर ना? मग त्याचं तोंड बघ."

तिने चित्र थांबवलं. मोठं केलं. वरच्या मिशीखाली बाबांचे दात, ओळीने, सगळे. डावीकडचा सुळाही.

तो सुळा केतकीने स्वतः काढला होता. नाशिकला, आपल्या हाताने, या कीर्तनाच्या वर्षभर आधी. खोटा बसवू म्हणून किती मागे लागली, पण बाबांनी ऐकलं नाही. त्या फटीतून त्यांचा 'स' किंचित शीळ घालत यायचा, आणि ते हसून म्हणायचे, देवाला माझी खूण पटायला काहीतरी हवं की नको? आठ महिने रोज ती हे तोंड बघत होती. हात बघत होती, श्वास मोजत होती, आणि जे तिच्या धंद्याचं, तिच्या हातचं, तेच तिला दिसलं नव्हतं. त्या शिळेचा मागमूसही आवाजात नव्हता, तेही आता ऐकू आलं.

ती उठली आणि गट्टूवर चिकटलेलं दसऱ्याचं कुंकू नखाने खरवडायला लागली. ते निघेना.

त्याच संध्याकाळी काकांनी रिक्षात घालून स्वतःचा जुना मॉनिटर आणला. जाडजूड, चौकोनी. त्याची केबल निळ्या टोकाची होती, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू असलेली. बुवांच्या डेस्कटॉपच्या मागे तसंच निळं भोक होतं. नव्या पडद्याला नव्हतं. काका गुडघ्यावर बसले आणि एकेक स्क्रू पिळत म्हणाले, की या तारेला अक्कल नाही. एका टोकाला जे येतं ते दुसऱ्या टोकाला जातं, वाटेत झिजलं तर झिजलं, पण मनाने काही घालत नाही. आवाजाची तार वेगळी. तिला त्यांनी एक लहानसा स्पीकर लावला.

चित्र अंधूक होतं. कडेला थोडं थरथरत होतं. बाबा लहान दिसत होते, थकलेले, उपरण्यावर घामाचा डाग. तोंडात फट होती. 'स' शीळ घालत होता. केतकीला पडद्यावर हात ठेवावासा वाटला आणि तिने तो मांडीखाली दाबून धरला.

तिसरा चरण संपला. बाबांनी तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.

चरण विसरले होते. स्वतः रचलेला. चिपळ्या थांबल्या, पेटीवर काकांनी एक सूर धरून ठेवला, श्रोत्यांत खाकरणं ऐकू आलं, कुणीतरी कुजबुजलं. बाबांची नजर खाली गेली. आणि मग, खूप लांबून, खांबामागून, बायकांच्या बाजूने एक बारीक आवाज आला. थोडा बेसूर. घाबरलेला. तो चौथा चरण म्हणत होता.

केतकीच्या आईचा आवाज.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. केतकीच्या माहितीत ती कधी कुणासमोर गायली नव्हती, तिचा आवाज कुणी साठवला नव्हता. घरातल्या फोनमध्ये तिचे नुसते 'जेवलीस का' एवढे दोन शब्द होते. आणि इथे ती अख्खा चरण गात होती, शेवटाशी येईतो आवाज थोडा धीट होत. सुरेखने तो श्रोत्यांमधला गोंगाट समजून काढून टाकला होता. आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाबांचं तोंड हलवून, बाबांनी कधी न गायलेलं गाणं भरलं होतं.

काकांनी बाकीचं सांगितलं. त्या दिवशी बुवा घरी जाऊन जेवले नाहीत. पण पुढच्या कीर्तनात, चरण लख्ख आठवत असताना, ते तिथे मुद्दाम थांबले आणि खांबाकडे बघितलं. आईने म्हटला. मग ती रीतच झाली. शबरी हात मागे घेते तिथे बुवा थांबायचे. आई गेल्यावरही थांबायचे. कुणी म्हणायचं नाही. तेवढी शांतता ऐकून ते स्वतः म्हणायचे. केतकी तेव्हा नाशिकला दवाखान्यात असायची. त्या काळातलं एकही कीर्तन तिने प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं. निळ्या केबलवर तिने पुढची रेकॉर्डिंग एकामागून एक लावली. प्रत्येकात तो थांबा होता, आधी आईच्या आवाजाचा, मग नुसत्या शांततेचा.

हृषीला फोन लावला तेव्हा तिचा आवाज चढलेलाच होता. आणि हृषीकडे सांगायला त्याचं काही होतं. बाबांच्या पुण्यतिथीसाठी, गेल्या खेपेला घरी आला तेव्हा, त्याने सगळ्या कीर्तनांच्या स्वच्छ प्रती त्या पडद्यावरूनच तयार करून घेतल्या होत्या. देवळात नवा पडदा लावायचा, मागच्या लोकांना ताईचं कीर्तन दिसेल, मग बाबांचं दाखवायचं, आणि प्रती सगळ्यांना द्यायच्या. प्रती झाल्यावर त्या जुन्या कॉम्प्युटरची गरज उरत नव्हती. भंगारवाला पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

तिने त्याला आईचं सांगितलं. 

"ताई, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण बाबांचाही विचार कर. त्या चुकीने ते जेवले नव्हते. स्वतःहून पुसता आली असती तर पुसली असती त्यांनी. केबलने त्यांच्या मनातलंच केलं."

"पुसायची होती तर मुद्दाम थांबायचे कशाला, दर वेळी?"

 केतकीने त्याला बजावलं: प्रती वाटायच्या नाहीत, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि देवळात साधी केबल. भंगारवाल्याला नको सांगतो म्हणाला. प्रती वाटणार नाही म्हणाला. साधी केबल आणतो म्हणाला.

पुण्यतिथीला देऊळ भरलं. केतकीने नऊवारी नेसून, बाबांचं उपरणं खांद्यावर घेऊन वंदन केलं. पेटीवर काका. खांबाशेजारी भिंतीवर तो मोठा पडदा, त्यात केतकी, आणि आवाजही त्याच्याच स्पीकरमधून बाहेर मांडवापर्यंत. पडद्यापाशी स्वतःचा कॉम्प्युटर आणि कॅमेरा घेऊन हृषी बसला होता. पूर्वरंग चांगला रंगला. उत्तररंगात शबरी आली. तिने रानातून बोरं आणली, एकेक चाखली, आंबट ती टाकली, गोड ती पदरात ठेवली. केतकीला आज सांगावं लागत नव्हतं, होत होतं. पहिला चरण. दुसरा. तिसरा.

ती थांबली.

चिपळ्या खाली आल्या. काकांनी सूर धरला. तिने खांबाकडे बघितलं, आणि तोंड मिटून उभी राहिली.

आणि गाणं चालूच राहिलं.

आधी तिला कळेना, कोण गातंय. आवाज तिचा होता. भरदार, स्वच्छ, चौथा चरण. श्रोत्यांच्या माना एकदम वळल्या. पडद्यावर केतकी गात होती. उपरणं सावरत, हसऱ्या चेहऱ्याने, ओठ बरोबर हलवत. गट्टूला पुढचं ठाऊक होतं. आठ महिने तिनेच ते पाठ करून घेतलं होतं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी एकदा तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघे आणि एकदा भिंतीकडे, आणि तिने भीतीने हात जोडले. ते बघून केतकीच्या अंगाची लाही लाही झाली.

कीर्तनकाराने मधेच जागा सोडायची नसते. नारदाची गादी ती. केतकीने गादी सोडली. चालत भिंतीपाशी गेली, हृषीच्या अंगावरून हात घातला, पडद्यामागून केबल धरली आणि उपटली. गट्टूवर अजून दसऱ्याचं कुंकू होतं.

पडदा काळा झाला. पेटीचा एक सूर तेवढा उरला.

"साधी आणतो म्हणालास," ती हळू म्हणाली.

हृषी पुटपुटला, की ते फक्त रेकॉर्डिंगला होतं असं त्याला वाटलं, समोर उभ्या माणसाचं काय बिघडणार. ती त्याला तिथेच सोडून परत गादीवर आली. केबल अजून हातात होती. ती श्रोत्यांपुढे धरून ती बोलली, आणि आवाजाला धार होती.

"रामापुढे शबरीने उष्टी बोरं ठेवली. प्रत्येकावर तिच्या दाताचा ठसा. ही तार मधे असती, तर रामाला नुसती अखंड बोरं दिसली असती. गोल, चकचकीत, बाजारातली. रामाने ती खाल्ली असती आणि पुढे गेला असता. शबरी दिसलीच नसती त्याला. माझे वडील इथे विसरले होते, या जागेवर. माझ्या आईने त्या खांबामागून सांभाळून घेतलं. हिने ते पुसलं. मी आठ महिने हिची पूजा केली."

 तिने केबल गादीखाली टाकली आणि पुन्हा खांबाकडे तोंड करून उभी राहिली. ती म्हणणार नव्हती. आख्यान तिथेच अडलं तर अडो. काकांचा भाता हलत राहिला, सूर लांबत राहिला. लहान मूल रडलं, त्याला कुणी बाहेर नेलं.

मग काळ्या पडद्यापासून एक घोगरा आवाज आला. हृषीला लहानपणी सगळे म्हणायचे, तू गाऊ नकोस. तो आईच्या मांडीला टेकून खांबामागे बसायचा आणि झोपून जायचा. आता तो खाली बघून चौथा चरण म्हणत होता. सूर नव्हता. दोन ओळी मागेपुढे झाल्या. मधे श्वास संपला, आणि त्याने तो परत घेतला. कुणी दुरुस्त केलं नाही. काकांनी पेटी त्याच्या मागून नेली, तो जाईल तिथे.

रामाने बोरं घेतली. आख्यान पुढे सरकलं आणि संपलं.

केतकीने बुक्का घेतला. काकांनी या वेळी कपाळ आधीच पुढे केलं होतं. तिने अंगठा टेकवला, त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. तबलजींना लावला. मग हृषी पुढे आला. साथ केली त्याला बुक्का लावायचा असतो, आणि साथ त्याने केली होती. तिचा राग उतरला नव्हता. प्रती त्याच्याकडे होत्या, शब्द त्याने मोडला होता, आणि उद्या सकाळी सहाही मुलींना बोलावून तिला सांगायचं होतं, की मी तुम्हाला खोटं शिकवलं. पण रीत ही रीत. तिने त्याच्या कपाळावर अंगठा टेकवला आणि इतका जोरात दाबला, की त्याची मान मागे गेली.

मग तिने त्याला मिठीत घेतलं. मिठी सुटली तेव्हा बुक्क्याखाली तिच्या नखाची चंद्रकोर उमटलेली होती, आणि आरती संपेपर्यंत ती तशीच लाल राहिली.